थोडे जास्त म्हणजे किती?

पेण तालुक्यातले गागोदे बुद्रुक हे विनोबा भाव्यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते इथे जन्मले आणि बाहेरच्या जगाला गावाची ओळख बहुतेक तेवढीच आहे. मानसशास्त्रातल्या संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र यांच्याशी या गावाचा संबंध जोडायला कुणी जाणार नाही. पण विनोबांनी आपल्या आईची एक आठवण सांगून ठेवली आहे. संशोधनपद्धतीच्या पहिल्या तासाला ती सांगावी, इतकी नेमकी आहे.

आईने देवाला लाख तांदूळ वाहण्याचा नेम धरला होता. एकेक दाणा मोजून ती वाहत असे. वडील नरहरपंत आधुनिक, हिशेबी वळणाचे. त्यांनी सुचवले, की एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यातले दाणे मोजावेत आणि लाखाला किती तोळे लागतील ते काढावे. कमी पडायला नकोत म्हणून वर थोडे जास्त घालावेत. आईला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारले. मुलाचे म्हणणे असे, की हा गणिताचा प्रश्नच नाही. दाणा मोजताना मन देवाच्या नावावर राहते, मोजणी त्यासाठी आहे.

वडिलांच्या सूचनेत नमुना आहे, अंदाज आहे आणि चुकीसाठी सोडलेली जागा आहे. संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा निम्मा भाग त्यात आला. मुलाच्या उत्तरात त्याच्याही आधीचे प्रकरण आहे, जे प्रकल्प करणारे विद्यार्थी हमखास ओलांडून जातात: आपल्याला मोजायचे आहे तरी काय?

पेण-रोह्याकडच्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘दहावीच्या मुलांमधील परीक्षेची भीती’ हा विषय घेतला, असे धरू. विषय चांगला आहे, पण भीती तराजूत घालता येत नाही. मग तिच्याऐवजी काय मोजायचे? प्रश्नावलीतले गुण, परीक्षेच्या आदल्या रात्रीची झोप, चाचणीच्या दिवशी शाळेला मारलेली दांडी की शिक्षकांचे मत? चारही गोष्टी मोजता येतात आणि चारही वेगवेगळी उत्तरे देतील. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर एक वाक्य लिहून टाकावे: या अभ्यासात परीक्षेची भीती म्हणजे अमुक प्रश्नावलीवर मिळालेले गुण. याला कार्यकारी व्याख्या म्हणतात. ती अपुरी असते, हे मान्यच आहे. पण ती नसेल तर पुढची सगळी आकडेमोड हवेत राहते.

प्रश्नावली आयती मिळते, इंग्रजीतली तर ढिगाने मिळते. इथेच जपायला हवे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-सायमनच्या बुद्धिमापन चाचणीची मराठी आणि कन्नड रूपे तयार केली आणि त्या कामावरचे ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हे त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी नुसते भाषांतर केले असते तर काम लवकर आटोपले असते. पण पॅरिसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या आठ वर्षांच्या मुलाला सोपा जाणारा प्रश्न इथल्या आठ वर्षांच्या मुलाला तितकाच सोपा असेल, हे गृहीत धरता येत नाही. प्रश्न बदलावे लागतात, इथल्या मुलांवर तपासावे लागतात आणि कोणत्या वयाला किती गुण सर्वसाधारण मानायचे याची मानके नव्याने बसवावी लागतात.

महाविद्यालयीन प्रकल्पात एवढे कुणी मागत नाही. काही गोष्टी मात्र कुणालाही जमतात. मूळ प्रश्नावलीचे मराठी एकाने करावे, ते मराठी दुसऱ्याने मूळ न पाहता परत इंग्रजीत न्यावे आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. मग दहा-बारा मुलांना प्रश्न वाचून दाखवावा आणि ‘तुला यात काय विचारलंय असं वाटतं?’ एवढेच विचारावे. पेणच्या खारेपाटात घरची बोली आगरी, आदिवासी वाडीवर कातकरी किंवा ठाकरी. ‘मला अस्वस्थ वाटते’ हे पुस्तकी वाक्य त्या मुलांपर्यंत पोचते का, हे त्यांच्या तोंडूनच कळेल. आणि दोन आठवड्यांनी त्याच मुलांना तीच प्रश्नावली पुन्हा द्यावी. पहिल्या वेळी भित्रा ठरलेला मुलगा दुसऱ्या वेळी निर्धास्त ठरत असेल, तर बहुधा मुलगा बदललेला नसून मोजपट्टी सैल आहे. मोजपट्टी स्थिर असणे ही विश्वसनीयता आणि जे मोजायचे तेच ती मोजत असणे ही सप्रमाणता. स्थिर पण चुकीची मोजपट्टी फसवी असते, कारण ती दर वेळी तेच चुकीचे उत्तर ठामपणे देते.

आता विचारायचे कुणाला? हल्ली याचे उत्तर ‘व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म टाकला’ असे असते. त्यात मैत्रिणी येतात, मैत्रिणींच्या बहिणी येतात, ज्यांच्याकडे डेटापॅक आहे आणि फावला वेळ आहे असे लोक येतात. शंभर उत्तरे जमतात आणि शीर्षक होते ‘रायगड जिल्ह्यातील युवकांचे मानसिक आरोग्य’. हा प्रकार सोय म्हणून चालतो. पण मग शीर्षकही तेवढेच लहान हवे.

गावपातळीवर खरा नमुना घेणे वाटते तितके अवघड नाही. घरांची यादी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंच्या मदतीने वाडीवस्त्यांसह करता येते, प्रौढांसाठी मतदारयादी असतेच. वाड्यांसह ३०० घरे आहेत आणि ६० निवडायची आहेत असे समजा. म्हणजे दर पाचवे घर. सुरुवात एक ते पाचपैकी कोणत्या घरापासून करायची ते चिठ्ठी टाकून ठरवावे आणि नंतर यादी सांगेल त्याच घरी जावे. दार बंद असेल तर शेजारच्या उघड्या दारात शिरू नये. संध्याकाळी परत यावे. दिवसा ज्या घराचे दार उघडे असते आणि ज्याचे बंद असते, त्या घरांतली माणसे वेगळी असतात.

वेळही तितकीच महत्त्वाची. रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाचे प्रकल्प मात्र बहुधा डिसेंबर-जानेवारीत होतात. त्या दिवसांत घेतलेल्या नमुन्यात गाव असते, पण गावातली सर्वांत जास्त ओढाताण सोसणारी माणसे नसतात. अहवालात मात्र त्यांची अनुपस्थिती कुठेच दिसत नाही, कारण जे भेटलेच नाहीत त्यांचा रकाना कुणी आखत नाही. तो आखावा.

नमुना मोठा केला की सगळे ठीक होते, हा समज फार पसरलेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीककापणीच्या पाहण्यांत याची उलट बाजू दाखवली. उत्पन्नाचा अंदाज घेण्यासाठी शेतात एक छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापून तोलत. तुकडा फार लहान असला की उत्पन्न खऱ्याहून जास्त निघे. त्याचे एक कारण असे, की रेषेवरची रोपे कापणाऱ्याच्या हातून आतच धरली जात आणि तुकडा जितका लहान तितका रेषेचा वाटा मोठा. असे हजार तुकडे कापले तरी चूक तशीच राहणार, फक्त आकडा जास्त खात्रीचा वाटू लागणार. मुलाखत घेणारा शिक्षक समोर बसला असताना मुले ‘अभ्यास आवडतो’ असे म्हणतात, तेव्हा हेच घडते.

योगायोगाने होणारी चूक मात्र नमुना वाढवला की खरोखर घटते. नरहरपंतांचे ‘थोडे जास्त’ आता हिशेबात बसवता येईल. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. पाच वेगवेगळे तोळे मोजले आणि दाणे भरले ५४०, ५६५, ५५०, ५३५, ५६०. बेरीज २७५०, मध्यमान ५५०. प्रत्येक आकडा मध्यमानापासून किती लांब आहे ते काढले तर अंतरे येतात १०, १५, ०, १५, १०. त्यांचे वर्ग मिळवून ६५०, त्याला पाचातून एक वजा करून चाराने भागले की १६२.५ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १२.७. हे प्रमाण विचलन. एखादा तोळा मध्यमानापासून साधारण किती वेगळा असू शकतो, ते हा आकडा सांगतो.

पण इथे प्रश्न एका तोळ्याचा नाही, सरासरीच्या भरवशाचा आहे. म्हणून १२.७ ला नमुन्याच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे पाचाच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर ५.७. ही प्रमाण त्रुटी. नमुना इतका लहान असताना ९५ टक्के खात्रीसाठी तिला २.७८ ने गुणतात. तो गुणक पुस्तकाच्या शेवटी ‘टी’च्या कोष्टकात मिळतो. गुणाकार सुमारे १६. म्हणजे खरी सरासरी ५३४ ते ५६६ च्या दरम्यान असावी. सरासरी ५५० धरली तर लाखाला १८२ तोळे लागतात. खालची ५३४ धरली तर १८७ हून थोडे जास्त. तेव्हा ‘थोडे जास्त’ म्हणजे पाच-साडेपाच तोळे. पाचाऐवजी वीस तोळे मोजले असते आणि विचलन तेवढेच राहिले असते, तर वरचे दोन तोळे पुरले असते. चौपट मोजल्यावर जास्तीचा भाग निम्म्याहून खाली येतो. वर्गमूळ असेच कंजूष असते.

टक्केवारीच्या प्रश्नांसाठी एक ढोबळ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. एक भागिले नमुन्याचे वर्गमूळ. शंभर लोकांना विचारले तर दहा टक्के इकडेतिकडे, चारशेंना विचारले तर पाच टक्के. ३०० घरांच्या गावात मात्र मूळ संख्याच लहान असल्यामुळे साधारण १७० घरांत पाच टक्क्यांची हद्द गाठता येते. निवड चिठ्ठीने झाली असेल तरच हे लागू. गूगल फॉर्मच्या शंभर उत्तरांना हा नियम लावणे म्हणजे नुसती सजावट.

मध्यमानाबद्दल एक सावधगिरी. सात मुलांनी मोबाइलवर घालवलेले तास १, १, २, २, २, ३, १० असतील तर मध्यमान ३ येते. पण सातातली पाच मुले त्याच्या खाली आहेत. मधला आकडा, म्हणजे मध्यांक, २ आहे आणि इथे तोच खरा बोलतो. उत्पन्न, मोबाइलचे तास, गैरहजेरीचे दिवस यांसारख्या एका बाजूला लांबलेल्या आकड्यांसाठी मध्यांकच द्यावा. बुद्ध्यंकासारख्या दोन्ही बाजूंना सारख्या उतरणाऱ्या गुणांसाठी मध्यमान आणि प्रमाण विचलनाची जोडी चांगली. मध्यमान १०० आणि विचलन १५ असेल, तर शंभरातली सुमारे ६८ मुले ८५ ते ११५ मध्ये सापडतात आणि सुमारे ९५ मुले ७० ते १३० मध्ये. म्हणून ९६ वरून १०२ वर गेलेल्या मुलाची आई आनंदली तरी संशोधकाने शांत राहावे.

फरक आढळला, पण तो खरा की योगायोगाचा, हे ठरवायला परिकल्पना तपासावी लागते. त्याचे एक उत्तम उदाहरण पुण्यातले आहे. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शिक्षकांनी हुशार ठरवलेली शंभर मुले आणि विशेष शाळांतली शंभर मतिमंद मुले, अशा दोनशे पत्रिका तयार केल्या. पत्रिकांना सांकेतिक क्रमांक देऊन यादी कुंट्यांच्या ताब्यात ठेवली. कोणती पत्रिका कुणाची, हे पाहणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि पाठवणाऱ्यालाही नाही. यालाच दुहेरी अंध पद्धत म्हणतात. सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका मिळाल्या आणि मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे होते.

या रचनेतला कस असा, की अपयशाची व्याख्या आधीच ठरलेली होती. नाणे उडवून उत्तरे दिली तरी चाळीसपैकी सुमारे वीस बरोबर येणार. ही झाली शून्य परिकल्पना: पत्रिकेत बुद्धीची काहीही माहिती नाही. नुसत्या नशिबाने २६ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चार, २८ किंवा जास्त येण्याची शंभरात एकाहूनही कमी. प्रत्यक्षात सर्वांत चांगला निकाल २४ आला, त्याखाली दोघांचे २२ आणि एकंदर सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली.

२४ वाले ज्योतिषी बाकीच्यांपेक्षा काही विशेष जाणतात का? इथे बहुतेक वाचक अडखळतात. नाण्याच्या जोरावर २४ किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे १३ टक्के आहे आणि उत्तरे पाठवणारे २७ होते. म्हणजे नुसत्या योगायोगाने तीन-चार जण तिथवर पोचायला हवे होते, पोचला एकच. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातही हेच घडते. वीस प्रश्न विचारून प्रत्येकाचा मुलगे-मुली असा फरक तपासला, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर एखादा फरक योगायोगानेही ‘लक्षणीय’ निघतो. मग अहवालात तेवढाच छापला जातो आणि उरलेले एकोणीस गायब होतात. किती तपासण्या केल्या, ते सांगणे ही किमान अट मानावी.

पुण्याच्या चाचणीतही एक कच्ची बाजू होती. पत्रिका ५१ जणांनी नेल्या, उत्तरे २७ जणांनी पाठवली. उरलेले २४ कसे उतरले असते? हरण्याची भीती वाटणारेच गळले असतील तर निकाल ज्योतिषाच्या बाजूनेच झुकायला हवा होता, आणि तरीही तो झुकला नाही, असा युक्तिवाद करता येतो. पण तो युक्तिवाद आहे, माहिती नव्हे. गळती नोंदवली गेली म्हणूनच त्यावर बोलता तरी येते.

गळती कमी ठेवता येते, हे गोव्याने दाखवले. ‘संगाथ’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण घेऊन, कोण कुठल्या गटात जाणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा, दुसऱ्याला तीच सेवा आणि वर समुपदेशनाच्या काही बैठका. समुपदेशक मानसोपचारातले पदवीधर नव्हते. खास प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनी ४६६ जण पुन्हा भेटले. समुपदेशन मिळालेल्या २३० पैकी १४७, म्हणजे ६४ टक्के, लक्षणांतून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात २३६ पैकी ९१, म्हणजे ३९ टक्के.

या दोन आकड्यांत ३९ जास्त शिकवणारा आहे. समुपदेशनाशिवायही दर पाचांतले दोघे सावरले. माणूस आरोग्य केंद्रात येतो तेव्हा बहुधा सर्वांत वाईट अवस्थेत असतो. पुढे काळ, घरची माणसे, औषधे यांनी थोडे बरे वाटतेच. तुलनेचा गट नसता तर ६४ टक्क्यांचे सगळे श्रेय समुपदेशनाला गेले असते. खरे श्रेय २५ टक्के बिंदूंचे, आणि नमुन्याचा हिशेब धरला तर ते साधारण १६ ते ३४ यांच्या दरम्यान कुठेतरी. ‘आमच्या शिबिरानंतर मुलांचा आत्मविश्वास वाढला’ अशी वाक्ये रायगडमधल्याच नव्हे तर साऱ्या महाराष्ट्रातल्या अहवालांत असतात. शिबिराला न आलेल्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न त्यांना विचारून पाहावा.

सगळ्यांना चिठ्ठीने गटांत वाटता येत नाही, तेव्हा सहसंबंधावर भागवावे लागते. पेणला गणपतीच्या कारखान्यांत हातभार लावणाऱ्या मुलांची एकाग्रता जास्त आढळली, असे समजू. मूर्तिकामाने एकाग्रता वाढली, की एकाग्र मुलेच रंगकामाला टिकली, की घरचे वळण दोन्हीमागे आहे? सहसंबंधाचा गुणांक यातले काहीच सांगत नाही. तो ०.३ आला तर त्याचा वर्ग ०.०९; म्हणजे मुलामुलांतल्या फरकाचा नऊ टक्के भाग या संबंधाने समजतो आणि ९१ टक्के दुसरीकडे शोधायचा राहतो.

शेवटी कागदपत्रांचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचून घ्यावीत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी आणि मुलाचाही होकार हवा. मुख्याध्यापकांची परवानगी या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. नाव आणि उत्तरे वेगळ्या वह्यांत ठेवावीत. लहान गावात ‘वरच्या आळीतली ४२ वर्षांची विधवा शिक्षिका’ एवढे लिहिले तरी नाव लिहिल्यासारखेच आहे, म्हणून अशी वर्णनेही गाळावीत. प्रश्नावलीच्या आधारे कुणालाही ‘तुला नैराश्य आहे’ असे सांगू नये. निदान हे डॉक्टरचे काम. मात्र नैराश्य तपासणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. कुणी त्यावर होकाराची खूण केली, तर ते महिन्याभराने एक्सेलमध्ये आकडे भरताना कळून उपयोगाचे नाही. प्रत्येक प्रश्नावली परत घेतानाच तो रकाना पाहावा, त्या व्यक्तीशी तिथेच, एकांतात बोलावे, मार्गदर्शक शिक्षकांना त्याच दिवशी कळवावे आणि मानसिक आरोग्याच्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक नुसता हातात न देता सोबत बसून लावून द्यावा. संमतीपत्रातच हे आधी लिहून ठेवावे, की उत्तरे गुप्त राहतील, पण जिवाला धोका दिसला तर मदत बोलावली जाईल.